‘छान आहे’ या उत्तराचे काय करावयाचे? : प्रेक्षकांच्या प्रतिसादाचे मूल्यमापन



व्यावहारिक मराठीच्या प्रकल्पासाठी स्वतः गीत लिहून त्याचा व्हिडिओ तयार करणारे आणि त्याच्या जोडीला पोस्टर, परिचयपत्रक, जाहिरातीचा मजकूर असे प्रसिद्धिसाहित्य करणारे विद्यार्थी आता बरेच दिसू लागले आहेत. नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून, रविवारचा एकुलता एक मोकळा दिवस खर्ची घालून तुम्ही हे काम करता. असे प्रकल्प मी गेली काही वर्षे तपासत आहे. त्यांची गीते निराळी असतात, छायाचित्रण निराळे असते, पण अहवालातील एक प्रकरण बहुधा सारखेच असते. त्याचे शीर्षक ‘प्रेक्षकांचा प्रतिसाद’. अहवालातले हे सर्वांत लहान आणि सर्वांत आनंदी प्रकरण असते. प्रेक्षकांना व्हिडिओ आवडला, पोस्टर आकर्षक वाटले, विषय महत्त्वाचा वाटला, सर्वांनी कौतुक केले, एवढे सांगून ते संपते.

या लेखात मी माझे एक मत तुमच्यापुढे मांडणार आहे. ते पटलेच पाहिजे असा आग्रह नाही, परंतु तपासून पाहावे अशी विनंती आहे. माझे मत असे की, प्रेक्षकांचा प्रतिसाद ही भाषेच्या अभ्यासकाने वाचावयाची एक संहिता आहे. ते आपल्याला मिळालेले प्रमाणपत्र नव्हे. कविता वाचताना आपण शब्दाआड काय आहे ते शोधतो, मग ‘छान आहे’ हे दोन शब्द वाचताना मात्र आपण पहिल्याच अर्थाशी का थांबतो? तुमच्या कामाची किंमत तुम्हाला स्वतःला कळावी असे वाटत असेल, तर हे प्रकरण आनंदाने भरून काढण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

१. एक प्रसंग

सटाणा-कळवण परिसरातील चार विद्यार्थ्यांच्या गटाने कांदालागवड करणाऱ्या मजूर स्त्रियांवर एक गीत रचले. गीत अहिराणीत होते. लिहिणारी अंगणवाडीत काम करीत होती. चित्रीकरण करणारा एरवी लग्नांचे शूटिंग करीत असे. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या शेतात चित्रीकरण झाले आणि दुसरीने पोस्टर व परिचयपत्रक तयार केले. गीत उत्तम होते. पहाटे लेकराला सासूपाशी ठेवून टोळीबरोबर निघालेल्या बाईचे मन त्यात होते आणि ते कोठेही रडवेले झालेले नव्हते.

मार्गदर्शक म्हणून मी त्या गावी गेले होते. मंदिराच्या सभामंडपात पडदा लावून व्हिडिओ दाखवला गेला. प्रेक्षकांत शिक्षक होते, गटातील विद्यार्थ्यांचे नातेवाईक होते, काही शेतकरी होते, आणि मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेल्या, दिवसभराचे काम आटोपून आलेल्या सात-आठ बाया होत्या. दुसऱ्या मिनिटाच्या सुमारास नायिका कोऱ्या लुगड्यात, कांद्याच्या रोपांची जुडी छातीशी धरून, बांधावर उभी राहून क्षितिजाकडे पाहत आहे असे दृश्य आले. त्या क्षणी मागे हशा पिकला. एकीने दुसरीला कोपराने ढोसले. गाणे संपल्यावर टाळ्या झाल्या, प्रपत्रे वाटली गेली, ती भरूनही आली.

पंधरा दिवसांनी अहवाल माझ्या हाती आला. प्रतिसादाच्या प्रकरणात एक वाक्य होते : ‘महिला प्रेक्षकांनी हसून उत्स्फूर्त दाद दिली.’

मी तो अहवाल परत पाठवला. सोबत एकच सूचना लिहिली : ‘त्या का हसल्या, हे त्यांना विचारून या.’

गटाला ती सूचना आवडली नाही, हे मला नंतर कळले. परंतु ते गेले. बायांनी संकोच सोडून सांगितले त्याचा आशय असा होता : लागवडीच्या वेळी वाफ्यात पाणी सोडलेले असते. त्या चिखलात उकिडवे बसून किंवा कमरेत वाकून, एकेक रोप बोटाने रोवत सरकायचे असते. काम उक्ते घेतलेले असते, म्हणजे जेवढे लावाल तेवढे पैसे. अशा वेळी जुडी छातीशी धरून लांब बघत उभी राहणारी बाई टोळीत टिकेल का? आणि चिखलाच्या कामाला कोऱ्या लुगड्यात कोण जाते?

करुण गीतात आलेले हे हसू दाद नव्हती. तो एक अचूक आक्षेप होता. गटाने तो ऐकला होता, पण वाचला नव्हता.

२. स्तुतीचे व्याकरण

असे का होते, याचे एक कारण आपल्या भाषेच्या व्यवहारात आहे. बोलण्याचे काम केवळ माहिती देणे हे नसते. मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले की, पुष्कळसे बोलणे माणसामाणसांतील बंध टिकवण्यासाठीच असते. रोमान याकबसन यांनी १९६० मध्ये भाषेची जी सहा कार्ये मांडली, त्यांत या संपर्क राखण्याच्या कार्याला स्वतंत्र स्थान दिले. ‘काय, जेवण झालं का?’ या प्रश्नात जेवणाची चौकशी जेवढी असते, त्याहून अधिक आपुलकी असते. तुमच्या काकांनी तुमचा व्हिडिओ पाहून ‘छान केलंय बरं का’ म्हटले, तर त्यात व्हिडिओचे परीक्षण जेवढे आहे त्याहून अधिक पुतण्याविषयीचे प्रेम आहे. ते प्रेम खरे आहे आणि मोलाचेही आहे. फक्त ते व्हिडिओविषयीचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९५५ मध्ये ‘मुखप्रतिष्ठे’ची संकल्पना मांडली. समोरासमोर बोलताना आपण स्वतःची आणि समोरच्याची पत सांभाळत असतो, हा तिचा गाभा. आपल्याकडे ‘तोंडावर कसं सांगायचं?’ असे म्हणतात, त्यात हीच गोष्ट आहे. ज्या गटाने चहा दिला, सतरंजी घातली, त्या गटाच्या हातात प्रपत्र परत देताना ‘कंटाळवाणे’ या शब्दासमोर खूण करणे बहुतेकांना अवघड जाते.

म्हणून प्रतिसाद वाचताना वाक्याची रचना पाहावी, असे मी सुचवते. पुढील चार वाक्ये पाहा.

‘तुम्ही छान केलंत.’ येथे कर्ता तुम्ही आहात. कौतुक माणसाचे आहे, कृतीचे आहे. कलाकृतीविषयी या वाक्यात फारसे काही नाही.

‘गाणं छान आहे.’ येथे विधान गाण्याविषयी आहे, परंतु बोलणारा त्यातून अदृश्य झाला आहे. त्याला स्वतःला काय वाटले ते कळत नाही. सभ्यतेसाठी हे वाक्य सर्वांत सोयीचे.

‘लोकांना आवडेल.’ क्रियापद भविष्यकाळी आहे आणि अनुभव घेणारे इतर कोणी आहेत. असे म्हणणाऱ्याला बहुधा स्वतःला ते आवडलेले नसते, किंवा तसे सांगण्याचे त्याला टाळायचे असते. हे वाक्य आले की तुम्ही सावध व्हावे.

‘मला ते लेकरू दाराशी उभं राहिलेलं फार लागलं.’ येथे ‘मला’ आहे, म्हणजे अनुभव घेणारी व्यक्ती समोर आली आहे. भूतकाळ आहे, म्हणजे घडलेल्या अनुभवाची नोंद आहे. आणि नेमके दृश्य आहे. पहिल्या तीन प्रकारची पन्नास वाक्ये एका पारड्यात आणि हे एक वाक्य दुसऱ्या पारड्यात घातले, तर मी दुसरे पारडे जड मानीन.

याचप्रमाणे ‘तसं’, ‘पण’, ‘असो’, ‘बाकी’ हे छोटे शब्द निसटू देऊ नका. ‘तसं चांगलं आहे’ म्हणणाऱ्याच्या मनात ‘पण’ असतेच, ते त्याने गिळलेले असते. ‘बाकी सगळं छान’ असे कोणी म्हणाले, तर ते ‘बाकी’ कशाच्या पलीकडचे आहे, हे तेथल्या तेथे नम्रपणे विचारले पाहिजे.

३. कोणाला विचारले?

प्रेक्षकांच्या प्रतिसादाचा विचार आपल्या परंपरेत नवा नाही. साहित्यशास्त्राच्या अभ्यासात तुम्ही भरताच्या नाट्यशास्त्रातील रसविचार वाचला असेल. त्याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात नाट्यप्रयोगाच्या सिद्धीचा, म्हणजे यशाचा विचार आहे, तो मात्र सहसा वाचला जात नाही. भरताने प्रेक्षकांच्या प्रतिसादाची वर्गवारी केली आहे. स्मित, अर्धे हसू, मोठे हसू, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार ही वाणीने प्रकट होणारी सिद्धी. अंगावर रोमांच येणे, आसनावरून उठणे, वस्त्र देणे ही शरीराने प्रकट होणारी सिद्धी. कोणता प्रतिसाद कोणत्या प्रसंगी यावा, याचाही विचार तेथे आहे. हास्याच्या जागी हसू हे यश, आणि करुणाच्या जागी ‘कष्टम्’ हा उद्गार हे यश. सर्वांत वरची जी दैवी सिद्धी, तिच्यात गोंगाट नाही, क्षोभ नाही, आणि रंगमंडप भरलेला आहे. भरल्या मंडपातील शांततेला भरताने टाळ्यांच्या वर बसवले आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच अध्यायात प्रयोगाविषयी वाद झाल्यास निर्णय देणाऱ्या ‘प्राश्निकां’ची यादी येते. तीत यज्ञ जाणणारा आहे, छंद जाणणारा आहे, शब्द जाणणारा म्हणजे माझ्यासारखा व्याकरणाचा माणूसही आहे. परंतु त्याच यादीत नर्तक आहे, चित्रकार आहे, धनुर्धर आहे, गणिका आहे, राजसेवक आहे. ज्या विषयाचे दर्शन रंगमंचावर घडले, त्या विषयात ज्याचे आयुष्य गेले त्याचा निर्णय प्रमाण, असे हे तत्त्व आहे. धनुष्य बरोबर धरले की नाही, हे वैयाकरणाने सांगावयाचे नाही.

हे तत्त्व आपल्या गटाला लावून पाहा. कांदालागवडीच्या दृश्याचे प्राश्निक कोण? सभामंडपात पुढच्या खुर्च्यांवर बसलेले शिक्षक आणि मी, की मागे भिंतीला टेकून बसलेल्या बाया? भरली गेलेली प्रपत्रे मी पाहिली. ती जवळजवळ सर्व पुढच्या खुर्च्यांवरून आली होती. मागच्या बायांपैकी काहींना लिहिता येत नव्हते, काहींकडे प्रपत्र पोहोचलेच नव्हते. ज्यांच्याविषयी गाणे होते त्यांचेच मत कागदावर नव्हते. त्यांचा प्रतिसाद हसण्याच्या रूपाने आला, आणि तोही आपण दाद म्हणून नोंदवून मोकळे झालो.

म्हणून प्रेक्षक निवडताना तीन वर्तुळे डोळ्यांसमोर ठेवावीत. तुमच्याशी नाते असलेले, विषयाशी नाते असलेले, आणि दोहोंशी नाते नसलेले. पहिल्या वर्तुळाकडून उत्साह मिळतो. दुसऱ्याकडून सत्यासत्य कळते. तिसऱ्याकडून कळते की कलाकृती स्वतःच्या पायावर उभी आहे का. अहवालात प्रत्येक प्रतिसादापुढे तो कोणत्या वर्तुळातून आला ते लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे, त्यांची संमती घेऊन, त्यांच्याच शब्दांत टिपावे. ते प्रमाणभाषेत ‘सुधारून’ लिहू नये. आशय पुष्कळदा त्या मूळ शब्दांतच असतो.

४. काय आणि कसे विचारले?

या गटाच्या प्रपत्रात एक प्रश्न असा होता : ‘व्हिडिओ व पोस्टर आकर्षक आणि समजण्यास सोपे वाटले का?’ उत्तरासाठी ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. हा एक प्रश्न दिसतो, प्रत्यक्षात ते चार आहेत. व्हिडिओ आकर्षक वाटला का, व्हिडिओ समजला का, पोस्टर आकर्षक वाटले का, पोस्टर समजले का. एखाद्याला व्हिडिओ आवडला आणि पोस्टर कळलेच नाही, तर त्याने खूण कोठे करावी? तो ‘होय’ म्हणून सुटका करून घेतो. जवळजवळ सर्वांनी ‘होय’ म्हटले, यात नवल नाही. शिवाय ‘आकर्षक वाटले का’ या शब्दांतच अपेक्षित उत्तर दडलेले आहे.

पुष्कळ प्रपत्रांत ‘अत्यंत सहमत’ ते ‘अत्यंत असहमत’ अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टी असते. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीवरून ती आली आहे. मोठ्या संख्येने माणसांचा कल मोजण्यासाठी ती उपयोगी आहे. परंतु वीस-पंचवीस ओळखीच्या माणसांकडून ती भरून घेऊन तिचे रंगीत आलेख काढणे म्हणजे थोड्याशा माहितीला मोठा पोशाख घालणे होय. व्हिडिओ किती वेळा पाहिला गेला हा आकडाही असाच आहे. तो किती जणांपर्यंत पोहोचला याचा अंदाज देतो, कोणाला काय भावले याचा देत नाही.

अल्पसंख्य प्रेक्षकांना मोकळे आणि नेमके प्रश्न विचारावेत. उदाहरणार्थ, व्हिडिओ दाखवण्यापूर्वी फक्त पोस्टर दाखवून विचारावे : ‘हे गाणे कशाविषयी असेल असे वाटते?’ व्हिडिओ झाल्यावर विचारावे : ‘कोणते दृश्य आठवते आहे?’, ‘कोणत्या ठिकाणी काही कळले नाही?’, ‘कोठे खोटे वाटले?’, ‘हा व्हिडिओ तुम्ही कोणाला दाखवाल, आणि का?’ या प्रश्नांना ‘छान’ असे उत्तर देताच येत नाही.

आणि विचारण्याइतकेच पाहणेही महत्त्वाचे आहे. व्हिडिओ चालू असताना गटातील एकाने पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे पाहावे. कोणत्या क्षणी कोण हसले, कोण शेजाऱ्याशी बोलू लागले, कोणी मोबाइल काढला, कोठे सारे स्तब्ध झाले, हे वेळेसह टिपावे. शक्य असल्यास दोन गटांनी अदलाबदल करून एकमेकांचे व्हिडिओ दाखवावेत. निर्माता समोर नसला की प्रेक्षकांची जीभ सैल होते.

५. व्हिडिओ आणि प्रसिद्धिसाहित्य यांची भाषा

या गटाच्या पोस्टरवर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘कष्टकरी मातृशक्तीस मानाचा मुजरा’. पाठीमागे मावळता सूर्य आणि एका स्त्रीची छायाकृती. परिचयपत्रकातील मजकूरही अशाच संस्कृतप्रचुर मराठीत होता. गीतात ‘मनी माय’ होती, पत्रकात ‘माझी माता’ झाली होती.

बायांशी दुसऱ्यांदा बोलताना गटाने त्यांना पोस्टर दाखवले. एकीने विचारले, हे आमच्याबद्दल आहे का? तिला ते एखाद्या निवडणुकीचे किंवा सत्काराचे पोस्टर वाटले होते. आणि एका वृद्ध गृहस्थांनी जो प्रश्न केला तो मला या सर्व प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, आपली बोली गाण्यात चालते, मग कागदावर का चालत नाही?

हा प्रश्न पोस्टरचा राहत नाही. बोली गाण्यासाठी, विनोदासाठी, भावनेसाठी ठीक, पण ‘अधिकृत’ लिहायचे झाले की प्रमाणभाषा, अशी एक उतरंड आपण सर्वांनी शाळेपासून मनात बाळगली आहे. अंगणवाडीत काम करणाऱ्या त्या विद्यार्थिनीने ज्या धाडसाने गीत लिहिले, ते धाडस पत्रक लिहिताना गटाकडून सुटले. ते का सुटले, याचा शोध घेणे हाच त्यांच्या अहवालाचा खरा विषय होता, आणि तो त्यांना एका प्रेक्षकाने दिला.

व्हिडिओ, पोस्टर, पत्रक ही तीन कामे वेगवेगळी तपासू नयेत, असे माझे म्हणणे आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने ती एकाच बोलणाऱ्याची तीन वाक्ये असतात. त्यांचा स्वर जुळला नाही तर बोलणाऱ्यावरचा विश्वास डळमळतो. जुळणे म्हणजे सर्वत्र तेच चित्र आणि तोच रंग वापरणे नव्हे. गाण्यात जो माणूस बोलतो आहे तोच पोस्टरवरही बोलतो आहे, असे वाटले पाहिजे.

स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात दाखवले की, प्रेक्षक संदेश जसाच्या तसा स्वीकारत नाही. तो कधी निर्मात्याला अभिप्रेत असलेला अर्थ घेतो, कधी काही मान्य व काही अमान्य करत वाटाघाटीने अर्थ लावतो, तर कधी मुळातच विरोधी अर्थ लावतो. त्या बायांचे वाचन दुसऱ्या प्रकारचे होते. गाण्यातले दुःख त्यांनी आपले मानले. त्या दुःखाचे जे चित्र काढले गेले, ते मात्र नाकारले. ‘आवडले’ आणि ‘आवडले नाही’ अशा दोनच खणांत हे वाचन बसत नाही.

६. प्रतिसादाचे काय करावयाचे?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रेक्षक सांगतील ते सर्व मान्य करावे, असे मी म्हणत नाही. तसे केले तर गाणे कोणाचेच राहणार नाही. प्रतिसादाचे प्रकार ओळखून प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे लागते.

पहिला प्रकार वस्तुस्थितीविषयक आक्षेपाचा. लागवड अशी होत नाही, हे जाणकार सांगत असेल तर वाद घालू नये. सौंदर्यासाठी वास्तव बदलण्याचा अधिकार कलावंताला आहे, परंतु तो बदल जाणून केलेला असावा. या गटाने तो न कळत केला होता.

दुसरा प्रकार आकलनाच्या अडचणीचा. व्हिडिओच्या शेवटी रिकामा वाफा दाखवला होता. ‘ती बाई वारली का?’ असे काही प्रेक्षकांनी विचारले. गटाचे उत्तर तयार होते, ‘ते प्रतीक आहे’. १९४६ मध्ये विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी बजावले होते की, कर्त्याच्या मनातला हेतू हा कृतीचे मूल्य ठरवण्याचा निकष होऊ शकत नाही. तुमचा हेतू पडद्यावर उतरला असेल तरच तो प्रेक्षकापर्यंत जाईल. पडद्याशेजारी उभे राहून तुम्ही तो दरवेळी सांगू शकणार नाही. मात्र प्रेक्षकाने सांगितलेली अडचण खरी मानावी, त्याने सुचवलेला उपाय खरा मानलाच पाहिजे असे नाही. एकाने शेवटी पाटी टाकावी असे सुचवले होते. कदाचित आधीचे एक दृश्य दोन सेकंद वाढवले असते तरी काम झाले असते.

तिसरा प्रकार अभिरुचीचा. काही तरुणांना चाल संथ वाटली, ढोल हवा होता. तरुण, विद्वान, शूर, वृद्ध अशा निरनिराळ्या प्रेक्षकांना निरनिराळ्या गोष्टींत आनंद वाटतो, हे भरतानेही नोंदवले आहे. अशा प्रतिसादाची नोंद घ्यावी, तो कोणत्या गटाकडून आला ते पाहावे, आणि आपले गाणे कोणासाठी आहे हे स्वतःला विचारून निर्णय घ्यावा.

चौथा प्रकार भूमिकेच्या विरोधाचा. एक शेतकरी चिडून म्हणाले, बायांचे हाल दाखवलेत, पण कांद्याचा भाव पडतो तेव्हा आमचे काय होते ते कोण दाखवणार? हे दुःखही खरे आहे. परंतु ते दुसऱ्या गाण्याचे दुःख आहे. या गटाने आपले गाणे त्यासाठी बदलू नये. मात्र हा विरोध अहवालात जसाच्या तसा लिहावा आणि आपण आपल्या भूमिकेवर का ठाम राहिलो हेही लिहावे. विरोध लपवलेला अहवाल दुबळा असतो.

७. थोडे आम्हा परीक्षकांविषयी

तुमच्या अहवालांत केवळ स्तुती का भरलेली असते, याचा विचार करताना मला आमचा दोष टाळता येत नाही. प्रेक्षकांनी नाके मुरडली असे लिहिले तर गुण कमी होतील, अशी भीती विद्यार्थ्यांना वाटत असेल, तर ती आम्हीच निर्माण केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पावर मी शेरा लिहिला होता : ‘प्रयत्न स्तुत्य आहे.’ बऱ्याच काळाने ती एका कार्यक्रमात भेटली. थोडे इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, ‘मॅडम, एक विचारू? तुम्ही स्तुत्य लिहिलं होतं, म्हणजे ते चांगलं होतं की नव्हतं?’ त्या शेऱ्यावरून तिला काही ठरवता आले नव्हते, आणि पुढे तिने लिहिणे सोडून दिले होते. मी भाषेची अभ्यासक, आणि माझ्याच वाक्यात मी कलाकृतीला वगळून प्रयत्नाला कर्तेपण दिले होते. तिचे मन दुखवू नये म्हणून लिहिलेल्या त्या शब्दांनी तिला अधिक काळ अधांतरी ठेवले.

तेव्हापासून मी तो शेरा लिहीत नाही. आणि प्रतिसादाच्या प्रकरणाला गुण देताना प्रेक्षकांनी किती कौतुक केले हे पाहत नाही. एका तरी प्रतिकूल प्रतिसादाचा मुळापासून शोध घेतला आहे का, एवढे पाहते. तुमच्या परीक्षकांनीही असेच करावे, असे माझे मत आहे, आणि तुम्ही तसा आग्रह धरण्यास हरकत नाही.

त्या चौघांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. लागवडीचा हंगाम सरला होता, त्यामुळे पुन्हा चित्रीकरण शक्य नव्हते. व्हिडिओ आहे तसाच राहिला. पोस्टरवरचा मुजरा आणि मावळता सूर्य गेला. त्या जागी चिखलाने भरलेल्या दोन हातांचे छायाचित्र आणि अहिराणीतील एक साधे वाक्य आले. ती वाक्यरचना बायांना वाचून दाखवून पक्की केली होती. प्रतिसादाचे प्रकरण त्यांनी नव्याने लिहिले. ते अहवालातले सर्वांत मोठे प्रकरण झाले, आणि त्याची सुरुवात अशी होती : ‘आमच्या गाण्याच्या दुसऱ्या मिनिटाला बाया हसल्या. ते हसू आम्ही चुकीचे नोंदवले होते. त्या का हसल्या, हे आम्ही पुन्हा जाऊन विचारले.’

विचारासाठी

१. तुमच्या एखाद्या कामाविषयी मिळालेले पाच अभिप्राय आठवून जसेच्या तसे लिहा. प्रत्येक वाक्यात विधान कोणाविषयी आहे आणि अनुभव घेणारी व्यक्ती कोण आहे, ते ठरवा.

२. तुमच्या प्रकल्पाच्या विषयाचे ‘प्राश्निक’ कोण ठरतील? त्यांच्यापर्यंत पोहोचण्यात कोणत्या अडचणी येतील?

३. ‘गीत, दृश्ये आणि पोस्टर प्रभावी व सुसंगत वाटले का?’ या प्रश्नात किती प्रश्न दडले आहेत? ते वेगळे करून मोकळ्या स्वरूपात पुन्हा लिहा.

४. गीत बोलीत आणि प्रसिद्धिसाहित्य प्रमाणभाषेत असणे काही वेळा योग्य ठरू शकेल का? या लेखातील मताशी तुम्ही सहमत नसाल, तर आपले म्हणणे उदाहरणासह मांडा.